पळणाऱ्या पोराची भिंत
शुक्रवार, बर दुबई, १९६७

अजून राग जात नाही. तेल कंपनीतल्या अमेरिकनांनी माझ्या युसूफला त्यांच्या फुटबॉल संघात घेतलं ते तो पळतो म्हणून. हा त्यांचा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो, मग फुटबॉल का म्हणायचं? आणि आज पाहते तर चेंडू नुसता लांब फेकतात. युसूफ फेकणाऱ्याच्या पुढे भिंत होऊन उभा, अंगावर येणारे रेडे अडवत. माझ्या काडीची भिंत!

मध्यंतरात कप्तानाला गाठून शाळेत नन्सनी शिकवलेलं इंग्रजी काढलं. "घोडा आणलात आणि दाराला बांधलात?"

"मॅडम, आमचा खेळ फेकण्याचा आहे. त्याला अडवणं जमत नसेल तर दुसरा घेतो."

मी तोंड उघडलं म्हणून पोराची जागा जाणार? तरी म्हटलं, एकदा चेंडू देऊन बघा.

दिला. युसूफ सगळ्यांना चुकवून रेषेपार गेला. कप्तान खूश, म्हणाला, आता दर वेळी यालाच देऊ.

घरी युसूफ पाठ शेकत म्हणाला, "अम्मा, कशाला बोललीस? भिंत होतो तेव्हा एका वेळी एकच अंगावर यायचा. आता सगळे येणार."

म्हटलं, मग आणखी जोरात पळ.