शेवटची गाडी

४ नोव्हेंबर, सोमवार

कासव गेला.

काल रविवारची फेरी करून परतत होतो. सात मोटरसायकली, आणि तो नेहमीसारखा सगळ्यांच्या मागे. नुकता अंधार पडत होता. मागून एक मोठी गाडी आली आणि — नाही लिहवत.

त्या माणसाला धड उभंही राहता येत नव्हतं! बॉनेटला धरून बाहेर आला. तोंडाला भपकारा. आणि वर म्हणतो काय, "हा मध्येच कसा आला?" मध्ये! रस्त्याची कड न सोडणारा, पन्नासच्या पुढे काटा न नेणारा माणूस. म्हणून तर त्याला कासव म्हणायचो. बाकी आम्ही सहा जण वाऱ्यासारखे जाणारे, धडधाकट घरी आलो.

आज कामावर गेले. एक्स-रेच्या टेबलावर एक बाई होत्या. "श्वास रोखून धरा," म्हटलं आणि "सोडा" म्हणायचंच विसरले. बिचाऱ्या लालबुंद होईपर्यंत धरून होत्या.

६ नोव्हेंबर

जामीन झाला त्याला. झाला पण!

१० नोव्हेंबर, रविवार

वहिनींकडे, कासवाच्या बायकोकडे, जाऊन आले. कासवाचे बूट दारातच आहेत, हलवायची कोणाची हिंमत नाही. येणारे जाणारे त्यांना वळसा घालून आत येतात.

शेजारच्या काकू मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "हे गाड्यांचे शौक महागात पडतात हो." हातातला कप फेकून मारावासा वाटला. कप वहिनींचा होता म्हणून वाचल्या. दारू प्यायला तो, आणि शौक आमचे!

वहिनी रडत नाहीत. स्वयंपाकघरात नेऊन हात धरला माझा. "ताई, मला पैसे नकोत, कोणाची माफी नको. तो माणूस सुटता कामा नये, एवढं बघा." मी शब्द दिला. मी कोण शब्द देणारी? पण दिला.

१६ नोव्हेंबर

पोलीस स्टेशनमधून कासवाची गाडी सोडवून आणली. त्यांचं तपासून, लिहून झालं होतं म्हणे. तपासलं काय, तर दोन फोटो आणि चार ओळी. वहिनींनी सही केली. हवालदार म्हणाला, "केस चालू आहे, गाडी विकायची नाही हं." आमच्या ग्रुपचे म्होरके अण्णा तिथल्या तिथे उसळले — "विकतोय कोण! काय समजलात आम्हाला?" त्यांना आवरता आवरता माझ्या नाकी नऊ आले.

टेम्पोतून अण्णांच्या गॅरेजमध्ये उतरवली. मागचा भाग चेंदामेंदा. टाकीवर तिच्या मालकाच्या जाकिटाचा निळा रंग घासला गेलेला. अण्णा, एवढा दांडगा माणूस, पाना शोधायच्या निमित्तानं आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

आमच्या ग्रुपचा एकच नियम आहे, अण्णांनी घालून दिलेला. कोणी पडलं की आधी माणूस उचलायचा, मग गाडी. आणि गाडी उभी राहून चालू झाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. माणूस तर उचलता आला नाही.

वहिनींना सांगितलं, दुरुस्त करतो. त्या म्हणाल्या, "राहू दे ना तशीच." अण्णा म्हणाले, "तशी कशी ठेवायची वहिनी? बघवते का तुम्हाला?"

२४ नोव्हेंबर, रविवार

फेरी नाही. सगळे गॅरेजमध्ये. टाकी रंगवून झाली. मागचा सांगाडा सरळ केला, नवं चाक बसवलं. नखं काळी, पण एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

मागचा दिवा मी बसवला. तो माझाच मान. निघायच्या आधी कासव ब्रेक दाबायचा आणि मी मागे उभी राहून ओरडायचे, "लाल!" त्या दिवशीही ओरडले होते. आज अण्णांनी ब्रेक दाबला, नवा दिवा लखलखीत पेटला आणि मी ओरडायच्या ऐवजी त्याची काच पुसत बसले.

जुना सगळा चुरा भंगारच्या पिंपात ओतला. डोळ्यांसमोर नको!

८ डिसेंबर, रविवार

श्रद्धांजलीची फेरी. बाहेरचे ग्रुपही आले. कधी तोंडओळख नसलेले लोक "भाई होता आपला" म्हणून गळ्यात पडत होते. एकानं कासवाच्या गाडीला टेकून फोटो काढला, दात काढून. त्याला अण्णांनी बखोटीला धरून बाजूला केला.

रांगेच्या टोकाला कासवाची जागा रिकामी ठेवायची की त्याची गाडी कोणी चालवायची यावर वाद झाले. शेवटी अण्णाच कासवाच्या गाडीवर बसले आणि मागे राहिले. मी आरशात सारखी बघत होते. इतकी देखणी गाडी त्याच्या हयातीत कधी नव्हती.

वहिनींच्या दारासमोर थांबलो. त्यांनी टाकीवर हात ठेवला. "नवीच दिसते," एवढंच म्हणाल्या. आम्हाला कोण समाधान!

परतल्यावर चौघांनी टूम काढली — त्याच्या नावानं एकेक घेऊ. त्याच्या नावानं! अण्णांनी चौघांच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि पायी हाकलले. बरं केलं.

१५ डिसेंबर

त्या माणसाला आज भाजी घेताना पाहिलं. घासाघीस करत होता.

७ जानेवारी, मंगळवार

सरकारी वकीलबाईंनी अण्णांना आणि मला बोलावलं होतं. त्याच्या वकिलाचं म्हणणं, कासवाचा मागचा दिवा बंद होता, अंधारात दिसलाच नाही. आणि रक्त उशिरा घेतल्यानं दारूचा आकडाही कमी आलाय. पण बाई निर्धास्त होत्या. धडकेच्या वेळी दिवा पेटलेला असला की बल्बच्या आतली तार वेगळी वाकते, तज्ज्ञाला ते ओळखता येतं. "फुटलेला दिवा पाठवून देऊ. गाडी आहे तशीच ठेवलीत ना?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले.

भंगाराचं पिंप केव्हाच रिकामं झालंय. मी "लाल" पाहिला होता हे सांगेन, पण मैत्रिणीचं कोण ऐकणार? बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्याही नाहीत. सोडवलं आम्ही त्याला. घासून, पुसून, पॉलिश करून.

तिथून थेट वहिनींकडे गेले. दार उघडताच त्यांनी विचारलं, "सुटत नाही ना तो?"

मी म्हटलं, "नाही वहिनी."