टेबल टेनिसची टेबले परत मांडण्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
नगरपालिका क्रीडागृह.

विषय : टेबल टेनिसची टेबले परत मांडण्याबाबत, ते शक्य नसल्यास परिच्छेद ४ बाबत.
संदर्भ : आपला गेल्या आठवड्यातील आदेश.

महोदया,

१. वरील आदेशान्वये माझ्या हॉलमधील टेबले घडी करून जिन्याखाली टाकण्यात आली असून तेथे पिकलबॉल नामक नव्या खेळाच्या रेषा आखल्या आहेत. याच टेबलांवर नंबर लागावा म्हणून एके काळी मुले दप्तरासकट रांगेत उभी राहत. पुढे ती बॅडमिंटनकडे वळली, मग काचेच्या स्क्वॉश कोर्टाकडे, आता इकडे. आजच्या पोरांना घाम नको, नुसती गंमत हवी.

२. मुले माझ्या जाचाला कंटाळून गेली, असे आदेशात म्हटले आहे. हे साफ खोटे आहे. हरणाऱ्याने सगळे चेंडू गुडघ्यांवर रांगत वेचायचे, एवढाच माझा नियम होता. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. आपण तर माझ्या सर्वांत गुणी विद्यार्थिनी. उजव्या मनगटाला शिशाची पट्टी बांधून सराव करताना "सर, हात बधिर होतोय" म्हणून आपण रडत होता. मी ते सोंग समजलो व आजही तेच समजतो. परवा कार्यालयात आपण डाव्या हाताने सही करताना दिसलात. सवय असेल.

३. त्याच आदेशाने माझी नेमणूक नव्या कोर्टवर चेंडू वेचण्यासाठी झाली आहे. "तुमचाच नियम. उभं राहायचं नाही हं, सर," असे आपण तोंडी बजावलेत. त्यानुसार मी रांगतो. मुले मुद्दाम चेंडू बाकांखाली मारतात. काल एक मुलगी "आजोबा, अजून आत!" म्हणाली आणि सगळा हॉल हसला. करावे तसे भरावे, असे शिपाईसुद्धा ऐकवतो. गुडघे सुजले आहेत. शेकताना बायको कारण विचारते. जिन्यावरून पडलो, असे तिला सांगितले आहे.

४. तरी टेबले जिन्याखालीच राहू द्यावीत. मला फक्त उभ्याने, वाकून चेंडू वेचण्याची परवानगी मिळावी, ही हात जोडून विनंती. फार दुखते. हे सोंग नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपल्या आज्ञेत रांगणारा,
(सही)
टेबल टेनिस प्रशिक्षक, सध्या चेंडू वेचण्याच्या कामावर
दि. ९ जुलै

सोबत : शिशाची मनगटपट्टी, एक. शेवटच्या दिवशी आपण हॉलमध्येच टाकून गेला होता. अजून वापरण्याजोगी आहे.