माशीवरचा शेंदूर

भाद्रपद व. ६
ओढ्याकाठच्या ज्वारीत पुन्हा डुकरं. चांगली भरलेली कणसं लोळवली. अण्णा गेल्यापासून त्यांची ठासणीची बंदूक खुंटीलाच होती, ती आज काढली. बांधावर मडकं ठेवून बार टाकला. गोळी खाली, मातीत. पुन्हा मातीत. धाकटा गंगाधर म्हणतो, "दादा, मातीवर तुमचा नेम लय पक्का हाय." त्याला हैदराबादहून काडतुसाची बंदूक आणायचीय. ठरलं ते असं : दसऱ्यापर्यंत मडकं फुटलं नाही तर ही ठाण्यात जमा. अण्णांची वस्तू. तावातावात कबूल झालो खरा, पण...

भाद्रपद व. ९
दोष बंदुकीच्या दारूचाच, असं मनानं घेतलं. परवाना घेऊन जिंतूरला गेलो. दुकानदार मियाँ बारीक दारूची तारीफ करायला लागले. "ये लेव पाटील, एकदम गरम है." खापरावर चिमूटभर पेटवली. भसकन उडाली, खाली काळं राहिलं. जाड दाण्याची स्वच्छ जळली. तीच घेतली. येताना भजी खाल्ली. एकटाच होतो, मजेत.

भाद्रपद व. १२
दारू झकास. धूर कमी. गोळ्या एकाच जागी बसायला लागल्या. ती जागा मडक्याच्या वीतभर खाली! दारू वाढवली, घटवली. मडकं जसंच्या तसं. ही भाकरी घेऊन आली होती, बघून म्हणाली, "मग मडकंच खाली ठिवा की." चिडायचं होतं, हसूच आलं.

आश्विन शु. २
बंदूक पुसताना उजेडात धरली. नळीच्या टोकाची माशी, जिच्यावरून नेम धरायचा ती, शेंगदाण्याएवढी! नखानं टोकरली. शेंदूर. दर खंडेनवमीला पूजा, दर पूजेला अण्णांचं शेंदराचं बोट माशीवर. थरावर थर. माशी उंच झाली म्हणून गोळी खाली. बिचाऱ्या दारूला उगाच शिव्या घातल्या.
चाकू घेतला, तर आई धावत आली. "खरडू नको बाबा. त्यांचा हात हाय त्याच्यावर."
चाकू ठेवला. मग आठवलं. अण्णा शिकवताना म्हणायचे, "डुकराच्या पाठीच्या वर बघ." मला वाटायचं, म्हाताऱ्याची नजर गेली.

आश्विन शु. ५
वीतभर वर धरून बार टाकला. मडक्याच्या ठिकऱ्या! एवढा आनंद लग्नातही झाला नव्हता (हिला सांगू नये). गं. म्हणतो, "एकडाव फुटलं, नशीब. दसऱ्याला समद्यांदेखत फोडा, मग ऱ्हाऊ द्या बंदूक." फोडतो की.

आश्विन शु. ९, खंडेनवमी
बंदूक पाटावर ठेवली, झेंडू वाहिले. आईनं शेंदराची वाटी पुढं केली. "ते गेल्यापासून पूजा ऱ्हायली. तू लाव. ते लावायचे तिथंच."
उद्याचं मडकं डोळ्यांपुढं आलं. गं. दारात उभा, ओठ दाबून. बोट बुडवलं, माशीवर टेकवलं. जरा जाडच लागला. आईचे डोळे भरले. माझेही.
आता वीतभर वर धरून भागायचं नाही. सरावाला वेळ नाही. किती वर, ते अण्णा असते तर विचारलं असतं.
संध्याकाळी गं. उद्याचं मडकं घेऊन आला. स्वतः निवडून. घरातलं सगळ्यांत मोठं.