बंद टीव्हीची काच

प्रिय नाना,

पाच मिनिटं नुसती मायन्यात गेली. 'तीर्थरूप' लिहावं तर तुम्ही नाहीत. 'कैलासवासी' पत्रिकेत शोभतं, पत्रात नाही. शेवटी 'प्रिय' लिहिलं. तुम्ही असताना असं लिहिलं असतं, तर तुम्ही मायला हाक मारून सांगितलं असतं, "देख व, पोऱ्यानी तब्येत बरी दिसत नही."

कारण टीव्ही. तुमच्या माझ्यात दुसरं कारण कधी होतं? बारा दिवसांनी तुमचं वर्षश्राद्ध आहे. दर्भ आणून ठेवलेत, तीळ निवडून झालेत, भटजींचे उच्चार मी मनातल्या मनात दुरुस्तही करून ठेवलेत. पण श्राद्धाच्या मंत्रांत टीव्हीविषयी बोलायची सोय नाही. आणि तुमच्यापाशी कबूल केल्याशिवाय मला पानावर बसवणार नाही. गेल्या शनिवारी मी तुमचा टीव्ही घालवला, आणि त्यापायी माय घर सोडून निघाली होती.

दमलोय हो. शाळेत दिवसभर विसर्ग आणि अनुस्वार, संध्याकाळी नंदुरबार ते रनाळे मोटरसायकल, आणि हंगाम मिरचीचा. वाटेतल्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, पसरलेल्या मिरचीचा ठसका घशात घेऊनच घरी यायचं. घरी आल्यावर कोणी भांडायचं तरी! तेही नाही. माय भांडली नाही, हेच तर अवघड झालं.

तो टीव्ही आणलात तो दिवस मला आठवतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी, गादीवर खोकं, आणि खोक्याला मिठी मारून तुम्ही. नंदुरबारपासून रनाळ्यापर्यंत! लग्नात मायला बैलगाडीत एकटीला बसवून स्वतः पुढं चालत आला होता म्हणे. टीव्हीचा मान मोठा. मग अँटेना. तुम्ही घराच्या धाब्यावर, माय अंगणात, मी टीव्हीपुढे. "ऊना का?" "नही ऊना!" एकदाचं चित्र आलं ते सुरतेकडचं, गुजराती. तुम्ही ते हलवू दिलं नाहीत. "हाऊ साफ शे," म्हणालात. त्यानंतर वर्षभर आपल्या घरी गुजराती शेतकऱ्यांच्या अडचणी ऐकल्या गेल्या, आणि तुम्ही आपल्याला सगळं कळतं अशा चेहऱ्यानं मान हलवत राहिलात.

पुढं त्याचे रंग गेले. माणसं हिरवी दिसू लागली. तुम्ही त्याच्या डोक्यावर थापट मारायचात आणि ती घटकाभर माणसासारखी व्हायची. तुम्ही गेलात आणि थापट मारणारं कोणी राहिलं नाही. महिनाभरात चित्र पुरतं गेलं.

माय मात्र समोर बसायची. संध्याकाळी, पुढच्या दारातून उजेड येत असताना, मांडीशी मिरच्यांचं सूप घेऊन, देठ खुडत, बंद टीव्हीकडे तोंड करून. पाठीमागे तुमची रिकामी खाट. हे मी दहा महिने बघितलं. मला वाटलं, बिचारीला करमत नाही. मला वाटलं, सवयीनं बसते. मला वाटलं, हिला एक चांगला टीव्ही घेऊन द्यावा. नाना, इतकी वर्षं मी मुलांना सांगत आलो की आधी अन्वय लावा, मग अर्थ करा. घरी मात्र थेट अर्थ केला.

शनिवारी नवा आला. भिंतीएवढा. टेम्पोवाला जुना न्यायला सोबतच आला होता. "ह्याचं वजन काय हो मास्तर, आत माणूस ठेवलाय का?" असं त्यानं विचारलं आणि मी हसलो. उचलताना माझ्या तोंडून आपसूक 'इदं न मम' निघालं. आहुती टाकताना म्हणतात ते. मोठा विनोद केल्यासारखं सुलभाकडे पाहिलं. तुमच्या सुनेला माझे विनोद कळतात, पण ती दाखवत नाही.

माय दारात उभी होती. टेम्पोकडे निघालेल्या टीव्हीकडे बघून तिनं एवढंच विचारलं, "लई चालना का?"

"हो माय. आते हाऊ देख."

"बरं," म्हणाली.

नव्याची पूजा सुलभानं केली. तुमच्या वेळी तुम्ही ओल्या कुंकवानं काचेवरच स्वस्तिक काढलं होतं, तसंच हिनंही काढलं, थेट पडद्यावर. बसवायला आलेला माणूस ओरडला, "वहिनी, स्क्रीनवर नाही!" तोवर दोन रेघा झाल्या होत्या. पुसायला गेलो तर पसरलं. तुमच्या टीव्हीला काच होती, पुसलं की गेलं. ह्याची कातडी नाजूक. आता बातम्या सांगणारी प्रत्येक बाई डाव्या गालावर कुंकू लावून येते, आणि प्रत्येक पुढारीसुद्धा.

तुम्हाला आवडलं असतं.

आणि ह्याला माथा नाही. तुमचा चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, लोडशेडिंगचं जुनं वेळापत्रक, सगळं त्या टीव्हीच्या डोक्यावर राहायचं. ते सगळं आता एका पिशवीत आहे. पिशवी कुठं ठेवायची हे अजून ठरलेलं नाही.

त्या संध्याकाळी माय मिरच्यांचं सूप घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसली. रविवारीही. सोमवारी मी मालिका लावून तिला हाक मारली. आली, उभ्या उभ्या पाहिलं, परत गेली. मंगळवारी शाळेतून आलो तर खुंटीखाली तिची कापडी पिशवी भरलेली.

"माले तळोद्याले धाडी दे," म्हणाली. "भाऊकडे."

"काब्रं? श्राद्ध तोंडावर शे, माय."

"श्राद्धले येसू ना."

"टीव्ही आवडना नही का?"

"चांगला शे. मोठा शे." पदर सारखा केला. "त्यान्हामा समदं गाव दिसस. घरनं कोनी दिसत नही."

आणि मी काय बोललो असेन? "घरनं कोनी कसं दिसी, आपन काय मंत्री शेतस का?" हे बोललो. स्वतःच्या आईला. ती हसलीसुद्धा, मला बरं वाटावं म्हणून. मग पिशवीचे बंद बांधले. मी गुरुवारी सुट्टी काढून पोहोचवतो म्हणालो.

बुधवारी शाळा सुटल्यावर रशीदभाईंकडे गेलो. तुमचे रशीदभाई, टीव्हीवाले, ज्यांच्याशी तुम्ही दर दिवाळीला भांडून दर ईदला जेवायला जायचात. कुंकवाचा डाग कसा काढायचा, हे विचारायला गेलो होतो. ते पोट धरून हसले. मग हसणं थांबवून कोपऱ्याकडे बोट दाखवलं. दुकानवाले बदल्यातले जुने टीव्ही त्यांच्याकडेच देतात, सुटे भाग काढायला. सगळ्यात पुढं आपला.

"इसको क्यों दिया, मास्तर?"

"बिघडलेला होता, रशीदभाई."

"वो तो मेरेको भी मालूम. मैं बोला था तुम्हारी माँ को, ट्यूब बदल देता हूँ. बोली, चालू नको करू. फक्त काच पुसी दे. मैंने काच पोंछी, चाय पिया, आ गया."

मी त्या टीव्हीसमोर उकिडवा बसलो. दाराकडून उजेड येत होता. काळ्या काचेत मी दिसलो, थोडा फुगलेला. आणि माझ्या मागं स्टुलावर बसलेले रशीदभाई दिसले. अख्खे. दाढी, कानामागची पेन्सिल, मांडीवरचा हात. मी मागं वळलो नव्हतो. वळायची गरजच नव्हती.

मग एकेक आठवत गेलं, नाना. आजोबा ओसरीत बसलेले असायचे. सासऱ्यादेखत सुनेनं नवऱ्याकडे तोंड करून बसायचं नाही, खाटेवर तर नाहीच. म्हणून माय जमिनीवर, डोक्यावर पदर, तुमच्याकडे पाठ. आजोबा गेले, पण बसायची जागा बदलली नाही. माय कायम टीव्हीपुढं, तुम्ही कायम तिच्या पाठीमागं खाटेवर. दुपारी लोडशेडिंग व्हायचं. टीव्ही बंद. मी शाळकरी, मला वाटायचं आता उठेल. ती उठायची नाही. "माय, लाईट गई. काय देखी ऱ्हायनी?" मी विचारायचो. "येई आते," म्हणायची. दोन-दोन तास.

लाईट कधी यायची ते वेळापत्रक टीव्हीच्याच डोक्यावर होतं. तिला माहीत होतं, की इतक्यात येणार नाही.

आता माझा एक प्रश्न आहे, आणि थोडा रागही आहे. तुम्हाला माहीत होतं का? वीज गेली की तुम्ही खात्याच्या नावानं शंख करायचात, बनियन काढून पिळायचात. बाहेर कडुनिंबाखाली वारा, गावातली सगळी माणसं तिथं. तुम्ही मात्र आत, त्या भट्टीत, खाटेवर. मी म्हणायचो, नाना, बाहेर चला. तुम्ही म्हणायचात, "आठेच बरं शे." ती काचेत तुम्हाला पाहत होती, म्हणजे तुम्हीही तिला पाहत होता. एवढं समजायला शास्त्र लागत नाही. अहो, मला सांगायचंत तरी! मरायच्या आधी विहिरीच्या मोटारीचं स्टार्टर कुठून दुरुस्त करायचं ते दोनदा सांगितलंत. हे एकदा सांगितलं असतंत, तर मी टीव्हीला हात लावला नसता.

'इदं न मम.' खरंच माझा नव्हता. दुसऱ्याची आहुती टाकली मी.

रशीदभाईंनी मदत करून रिक्षात चढवला. "ट्यूब डालूँ क्या?" विचारलं. नको म्हटलं. मोटरसायकल त्यांच्याच दारात ठेवली आणि रनाळ्यापर्यंत खोकं नसलेल्या टीव्हीला मिठी मारून आलो. गादी नव्हती. रस्ता तुम्हाला माहीत आहे.

सुलभानं दार उघडलं. "हे काय, परत?"

"परत."

"आणि हा वरचा?"

"तो पहिला मजला. हा तळमजला."

तिनं स्टूल पुढं ओढलं. विनोद कळतात तिला, मी म्हटलं ना.

माय मागच्या अंगणातून आली. टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. पदराचं टोक घेतलं, काच पुसली, वरून खाली, सावकाश, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. मग सूप आणलं आणि बसली. पुढच्या दारातून उजेड येत होता. काचेत तिच्या मागं खाट दिसत असणार. रिकामी.

नाना, त्या खाटेवर तुम्ही गेल्यापासून कोणी बसलं नाही. धाडस म्हणा, थकवा म्हणा, मला उभं राहवत नव्हतं. मी जाऊन बसलो. काठावर, पाहुण्यासारखा.

माय मिरचीचा देठ खुडत होती. वळली नाही.

"तसा नही," म्हणाली. "त्या असा नही बठेत. भितडाले टेकी बठ. पाय लांबा कर."

मी भिंतीला टेकलो. पाय लांब केले.

"आते बरं शे," म्हणाली.

थोड्या वेळानं सुलभानं खुंटीखालची पिशवी उचलून आत नेली. मी गुरुवारची सुट्टी रद्द केली नाही. झोपलो दिवसभर.

मी संस्कृत घेतलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "शिकीसन कोनासंगे बोलशी रे? ती भाषा बोलनारा समदा मरी गयात." तेव्हा उत्तर नव्हतं. आता गेलेल्या माणसाशी बोलायची वेळ आली, तर मराठीत बोलतो आहे. म्हणजे माझं शिक्षण इथंही कामाला आलं नाही. हसा.

एक वचन देतो आणि थांबतो. शाळा सुटली की थेट घरी येईन, उजेड असेपर्यंत. तुमच्या खाटेवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसेन. तोंडासमोर पेपर उघडा धरीन, म्हणजे काचेत खाट दिसेल, पाय दिसतील, चेहरा माझा दिसणार नाही. तेवढ्यावर मायचं काम भागेल असं वाटतं. आणि पेपराच्या कडेनं मी काचेत डोकावणार नाही. ती जागा तुम्हा दोघांची.

तुमचा,
मधू

(पाय दुखतात हो अशानं. तुम्ही कसे बसत होतात?)