खर्च वरच्यांचा, फायदा आमचा

२ नोव्हेंबर
कुडाळच्या कुठल्याशा संस्थेतली भक्ती आली. चपला हातात, गुडघाभर चिखलात उभी. देवबागात खाडीकाठच्या प्रत्येक घराला एकेक वही दिली. रोज लिहायचं, भरती किती वाजता, पाण्याचा रंग कसा, शिंपल्यातल्या तिसऱ्या किती मिळाल्या. मी सांगितलं, माझी चौथी झाली तीच मास्तरांनी कंटाळून केली. ती म्हणाली, मावशी, बोलता तसं लिहा. बोलते तसं लिहिलं तर पोरीचे कान तापतील. म्हणून ही वही माझी. तिला दुसरी देईन.
पाणी हिरवट. तिसऱ्या शून्य. नुसते रिकामे शिंपले.

३ नोव्हेंबर
लग्न होऊन आले तेव्हा ओहोटीला घरच्या पायरीवरून उतरायचं, तासाभरात पाटी भरायची. आता शेवाळ. पायाला असं गुंडाळतं की काढायला दुसरं माणूस लागतं.
पुण्याचे बारा जण नाताळला माझ्या चारही रूम घेतात ते तिसऱ्यांच्या सुक्यासाठी. समुद्र त्यांना कुठेही मिळतो. गेल्या वर्षी बाजारातून आणून घातल्या. त्यांच्यातल्या म्हातारीने पहिल्या घासाला ओळखलं. जाताना म्हणाली, पुढच्या वेळी इथल्या नसतील तर आम्हीही नसू.
कोण कारण, ते मला पक्कं ठाऊक आहे. वरचे. नदीकाठी वर सगळ्या सुपारीच्या, केळीच्या बागा. पोत्यांनी युरिया. पाऊस पडला की बागेतून ओहळात, ओहळातून नदीत, नदीतून थेट माझ्या पायरीला. त्या वरच्यांत माझा सख्खा भाऊ भिकाजीदादा पण आला. भाऊ आहे म्हणून सोडणार नाही.
निश्चय: नाताळच्या आत खाडी साफ.

६ नोव्हेंबर
शाळेत पंचायतीची मीटिंग. भक्तीने फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे खर्च: खत कमी आणि वेळेवर टाकणे, शेणाचे खड्डे बांधणे, ओहळाकाठी गवताचा पट्टा ठेवणे, संडासाच्या टाक्या दुरुस्त करणे. उजवीकडे फायदा: मासे, तिसऱ्या, पोरांचं पोहणं, पाहुणे. मग म्हणाली, अडतं कुठे माहीत आहे का, खर्च एकाला येतो आणि फायदा दुसऱ्याला होतो.
मी म्हणाले, त्यात अडायचं काय? खर्च वरच्यांचा, फायदा आमचा. सुटलं गणित. चहा आणा.
शेजारची मथुरा हसली. तिच्या तीन रूम. एसी एकातच, पण बोर्डावर एसी केवढ्या अक्षरात. म्हणाली, टाकयेचा काय गो, शेवंते? मी सांगितलं, माझी टाकी आठ वर्षांत एकदा उपसली नाही. गवंडी बांधतानाच म्हणाला होता, ह्या वाळूत सगळं जिरतं. काम करून घ्यावं तर असं. हिच्याकडे दर सहा महिन्यांनी गाडी येते उपसायला, वाडीभर वास.
ठराव मीच मांडला. ज्याची घाण त्याने आपल्या खर्चाने काढायची, आणि काढेपर्यंत त्याचा धंदा बंद. पहिली सही माझी. वरच्यांपैकी कोणी आलं नव्हतं. बरंच झालं, मध्ये बोलले असते.

९ नोव्हेंबर
दादाला फोन. खत बंद कर म्हटलं. तो म्हणाला, बाय, सुपारी काय वाऱ्यार वाढता? मी म्हणाले, मग माझ्या तिसऱ्या काय युरियावर वाढतात? मग म्हणाला, बरा, बघतंय.
बघतंय म्हणजे नाही. जन्मापासून ओळखते.
निश्चय: तो ऐकेपर्यंत माहेरी पाऊल नाही. जत्रेलासुद्धा नाही.

२३ नोव्हेंबर
माहेरची जत्रा. गेले नाही. आमचे हे गेले. रात्री खाजं घेऊन आले आणि मेव्हण्याची वकिली सुरू. दादाने म्हणे यंदा निम्मीच पोती घेतली, शेणाचा खड्डा खणायला घेतला, ओहळाकाठच्या केळी काढून गवत सोडलं. मी म्हणाले, तुम्हाला दाखवायला एक दिवस खणला असेल.
खाजं खाल्लं. ते दुकानातलं. त्यात दादाचा संबंध नाही.

२ डिसेंबर
माणसं ऐकत नाहीत तर देवाला सांगायचं. देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गावकाराला आदल्या दिवशी जाऊन पढवलं होतं. छान खणखणीत म्हटलं त्याने. बा देवा म्हाराजा, जो कोण ह्या खाडयेत घाण सोडता, तेचा नाव चार माणसांत उघडा पाड रे म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. सगळ्यात मोठा आवाज माझा. घसा अजून दुखतो.
घरी येताना हे म्हणाले, असा मोकळा गाऱ्हाणा घालू नये गो, नाव सांगूचा होता. देव खंय वळात, काय सांगूक येता? ह्यांना प्रत्येक गोष्टीची भीती.

१० डिसेंबर
भक्तीने बाटल्या वाटल्या. चार ठिकाणचं पाणी आणायचं: वरच्या पुलाखालचं, दादाच्या बागेखालच्या ओहळातलं, मथुरेच्या समोरचं आणि माझ्या पायरीचं. माझ्या पायरीचं मी बाटली काठोकाठ भरून घेतलं. माझ्याकडून खाडीत काही जात नाही ते वरच्यांना दाखवायला.
बाटलीत पुडी टाकून हलवायचं. जेवढं गुलाबी तेवढं पाण्यात खत. पुलाखालचं पातळ सोलकढीसारखं. दादाचं थोडं जास्त. मथुरेचं तसंच.
माझं कोकम सरबत.
मी म्हणाले, बाटलीत आधी आगळ असेल. भक्ती म्हणाली, मावशी, बाटली नवी होती. नव्या बाटल्यांचं काय सांगावं. दुसऱ्या बाटलीत केलं. परत सरबत.
भक्तीने समजावलं. पावसात वरून खरंच खूप खत येतं, पण आता नदी बारीक आहे, आता दिसतं ते जवळचं. मी म्हणाले, ह्यातलं पहिलं वाक्य मला कागदावर लिहून दे.

१३ डिसेंबर
भक्तीचं म्हणणं, संडासाच्या पाण्यानेही बाटली तशीच गुलाबी होते, टाकीत रंग सोडून बघू. मी म्हणाले, बघूच. पण मथुरेकडेही, आणि सगळ्यांसमोर. त्या निमित्ताने माझे संडास किती स्वच्छ आहेत ते तरी लोक बघतील.
माझ्या चारही संडासांत हिरवा रंग, मथुरेच्यांत लाल. सकाळी सोडला. दुपारी खाडीत काही नाही. संध्याकाळी काही नाही. मथुरेला विचारलं, आता काय म्हणतेस? ती म्हणाली, थांब गो, वाट बघूक काय पैसे पडतत?

१४ डिसेंबर
काही नाही. खाडीवर पाच वेळा उतरले. रंग बघायला नव्हे, पाय धुवायला.
पुण्याच्या म्हातारीला फोन करून सांगितलं, खाडी साफ झाली, या.

१६ डिसेंबर
सकाळी मोठी ओहोटी. वाडीतल्या सगळ्या बाया पाट्या घेऊन खाडीत. मिळत काही नव्हतं, पण सवय. मी पायरीवर उभी राहून वरच्यांबद्दल दोन शब्द सांगत होते. बाया ऐकत होत्या. मग लक्षात आलं, माझ्या तोंडाकडे कोणी बघत नाही. सगळ्या माझ्या पायांखाली बघतायत.
पायरीखालच्या वाळूतून पाणी पाझरत होतं. हिरवं. शेवाळाचं हिरवं नव्हे, लग्नातल्या चुड्याचं हिरवं. सरळ धार धरून खाडीत चाललेलं.
लाल कुठे नाही. मी मथुरेच्या घरापर्यंत चालत जाऊन बघितलं.
परत आले. मग मथुरा हळूच म्हणाली, व्हय म्हाराजा.

१७ डिसेंबर
दोष वाळूचा आहे. हे कोणी बोलत नाही.
गवंड्याला फोन. तू जिरतं म्हणाला होतास ना? तो म्हणाला, जिरताच. खंय जिरता तां तू इचारलंस खंय?
पंचायतीत गेले. सांगितलं, तो ठराव वरच्यांसाठी होता. त्यांनी कागद काढून वाचून दाखवला. त्यात वर असा शब्दच नाही. खाली माझी सही, पहिली, चांगली दोन बोटं लांब.
रूम बंद. पुण्याचे बारा जण मथुरेच्या तीन रूममध्ये मावणार आहेत म्हणे. एसीच्या खोलीत सहा.

१९ डिसेंबर
भक्तीला बोलावलं. म्हटलं, तुझं ते फळ्यावरचं आता वहीत लिही. खर्च, एकटी शेवंती. फायदा, खाडीकाठची सगळी, मथुरा धरून. हा कुठला न्याय? ती म्हणाली, मावशी, मी मीटिंगमध्ये हेच सांगत होते, तुम्ही चहा मागवलात.
उलट बोलायला शिकवतात ह्यांना कॉलेजात.
मग म्हणाली, वरच्यांनी सगळं केलं तरी तुमच्या समोरचा हा पट्टा सुधारणार नाही, आणि तुम्ही एक टाकी बांधली तर सबंध वाडीसमोरचा सुधारेल. एवढ्या कमी खर्चात एवढा फायदा आख्ख्या नदीत दुसऱ्या कुठल्या कामात नाही. हे ती मला बरं वाटावं म्हणून सांगत होती. वाटलं नाही.

२८ डिसेंबर
दुरुस्तीच्या आधी टाकी उपसायला मथुरेकडचीच ती गाडी बोलावली. सगळी वाडी नाकाला पदर लावून बघायला उभी. ड्रायव्हरने पाइप आत सोडला, वाकून बघितलं, म्हणाला, बाय, हय काय नायच. माका कित्याक बोलावलंस?
आठ वर्षांची टाकी. तळाला वीतभर गाळ. भाडं पूर्ण घेतलं.

५ जानेवारी
सकाळी टेम्पो. आत चिरे, सिमेंट, दोन गडी आणि भिकाजीदादा. मी बोलावलं नव्हतं. ह्यांनी बोलावलं.
दादा बारीक झालाय. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं, निम्म्या खतावर सुपारी पिवळी पडली, शेणखत लागू व्हायला दोन वर्षं जातील. म्हणजे खरंच कमी केलं होतं. मी म्हटलं म्हणून. हे मला कोणी नीट सांगितलं असतं तर मी जत्रेला गेले असते. ह्यांना वकिली येते, सांगता येत नाही.
दादाने खड्ड्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, शेवंते, माझ्या बागेक खत पुरणा नाय, आणि तू आठ वर्सा मासळेक घालतंस?
मी म्हटलं, जेवायला चल. त्याला माशाचा मोठा तुकडा वाढला. बाजारातला.

१८ ऑक्टोबर
पावसाळाभर वही कपाटावर राहिली. कोपऱ्याला वाळवी. भक्तीची दुसरी वही तर सापडतच नाही.
टाकी फेब्रुवारीत झाली. आता उपसावी लागते. गाडी आली की मथुरा मुद्दाम अंगणात येऊन नाक धरते.
पाणी निवळ. शेवाळ पायाला लागत नाही. आज ओहोटीला उतरले. माझ्या पायरीसमोर तिसऱ्या मूठभर, नखाएवढ्या. परत सोडल्या. मथुरेच्या समोर तिने दोन पाट्या काढल्या. भक्ती म्हणाली, पाण्याची ओढ तिकडे आहे, बी तिकडे जाऊन बसतं, तुमच्याकडे पुढच्या वर्षी.
पुण्याच्या म्हातारीचा फोन. नाताळला येतोय, मथुरेकडे. वेळ मिळाला तर तुम्हालाही भेटून जाऊ.
संध्याकाळी मथुरेने वाडगाभर सुकं पाठवलं. सोबत निरोप, शेवंतेक सांगा, टाकी बरी बांधलंस.
खाल्लं. मीठ कमी होतं.
वाडगा रिकामा परत देऊ नये. घरात सगळीकडे शोधलं. दादाने पाठवलेल्या सुपाऱ्या होत्या, त्या घातल्या.