गच्चीवरची तबकडी

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाववाला गाडी घेऊन तुझ्याकडे निघालाय, म्हणून घाईत लिहिते. आमचे मास्तर गेले. गुरुवारी दुपारी, माझा हात धरून. ऑक्सिजनचा सिलिंडर मिळाला नाही. लढाई सुरू झाल्यापासून बँका बंद, आणि दुकानदार रोखीशिवाय बोलेना.

फोन बंद पडायच्या आधी तू ते मोबाइलमधलं चलन पाठवते म्हणालीस, ते वेळेत पोचलंच नाही गं. आख्ख्या गल्लीत इंटरनेटची तबकडी फक्त आमच्या पुतण्याच्या, ढब्बूच्या गच्चीवर. सगळ्यांचे नातेवाईक त्याच्याच खात्यात चलन पाठवतात, तो कमिशन कापून नोटा देतो. सोमवारपासून रोज जिना चढून विचारत होते. काकू, लाइन खराब आहे, अजून आलं नाही, हेच उत्तर. शनिवारी नोटा घेऊन आला आणि माझ्या गळ्यात पडून रडला. आमच्याच ताटात जेवून वाढलेलं पोर ते.

तू मनाला लावून घेऊ नकोस. लोभ आहेच, सध्या थोडा जास्त असू दे.

तुझी,
धाकटी

१० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मास्तर मला मुद्दाम हेडमास्तरीणबाई म्हणायचे. आता कोण चिडवणार मला?

एक सांगायचंय, आधी खाली बस. शाळेत शिवणाच्या सिस्टर कापड उलटं करून टाके तपासायच्या, आठवतं? काल मी तेच केलं. या चलनाचा व्यवहार उघडा असतो. खात्याचा आकडा ठाऊक असला की कधी आलं, कधी गेलं, ते कुणालाही दिसतं. माझे पैसे सोमवारी सकाळीच पोचले होते. दुपारी त्याने ते दुसऱ्या कुणाला देऊनही टाकले.

एरवी म्हटलं असतं, सोडून दे. आज म्हणत नाही. आकडा सोबतच्या चिठ्ठीवर आहे. त्याला सोडू नकोस.

तुझी,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

त्याच सोमवारी संध्याकाळी ढब्बूकडे जनरेटरसाठी डिझेलची पिंपं चढत होती. मीच भिंतीला चिकटून हमालांना वाट दिली होती!

पाण्याच्या नळामागच्या भिंतीवर तो आकडा खडूने लिहिला, ठळक, आपल्या शाळेच्या वळणात. रांगेतल्या सगळ्यांना म्हटलं, या आकड्यावर पैसे कधी पोचले ते बाहेरच्या नातेवाइकांना तपासायला सांगा. पाववाल्याने उत्तरं आणली. प्रत्येकाला फसवलं होतं मेल्याने. लोकांनी जिना चढून घरातली सगळी रोकड वसूल केली आणि तबकडी, जनरेटर नि डिझेलसकट, माझ्या गच्चीवर आणून बसवली. शिंपीणबाई म्हणाली, मास्तरीणबाई, आता तुम्हीच बघा. डिझेल जपून लोकांच्या पैशांपुरतीच चालवते, म्हणून आपलं पत्रच.

काल माणसांना शहराबाहेर नेणारा शेवटचा ट्रक होता. ढब्बूचं उरलंसुरलं सगळं त्या मोबाइलमधल्या चलनात, लाइनशिवाय भाडं देता येईना. काकू, पाचच मिनिटं लाइन द्या, म्हणत सकाळपासून माझ्या पायरीवर बसला होता. मी चहा दिला. लाइन दिली नाही. त्याच्या बायकोचं आणि मुलीचं भाडं मी भरलं, पोरीला माझी शाल पांघरली. ट्रक गेला. तो राहिला.

हल्ल्याचा भोंगा वाजला की आम्ही सगळे तळघरात उतरतो. तो समोरच बसतो, वर बघत नाही. बाकीचे स्वतःसाठी प्रार्थना करतात. मी त्याच्यासाठी मोठं आयुष्य मागते, ताई. एवढ्या लवकर सुटायला नको तो.

मी बदलले असेन, तुझी माया बदलू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी