अकरा जर्मनांच्या जामीनदाराची निरवानिरव

मी, हौशीराम रखमाजी खांडभोर, वय वर्षे साठ, धंदा पूर्वी स्वयंपाक व हल्ली दुसऱ्यांच्या स्वयंपाकाला नावे ठेवणे, मूळ राहणार वडिवळे, हल्ली मुक्काम लोणावळा, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावून तोंड वाकडे केले म्हणून लिहितो. पत्नी मुक्ताबाई हिचा धाक आहे, पण तो नेहमीचाच असल्याने इथे धरू नये.

कलम १. माझ्या घरात एक गोरी म्हातारी का राहते हे ज्यांना अजून कळलेले नाही, त्यांच्यासाठी आधी खुलासा. सदतीस साली, लोणावळ्याला हवा खायला येणारे ब्रांड्ट नावाचे जर्मन साहेब आणि त्यांच्या बाई हेडविग यांनी मला स्वयंपाकी म्हणून चीनमधल्या तिएन्त्सिन शहरी नेले. साहेब तिथे ब्रशांसाठी डुकराच्या राठ केसांचा व्यापार करीत. गावी मी फक्त 'ऑफिसात आहे' एवढेच कळवले होते. खरे आज लिहितो.

एकोणपन्नास साली तिथे कम्युनिस्टांचे राज्य आले, साहेबांचा धंदा बसला आणि जर्मनांना निघायचे वेध लागले. पण निघणे सोपे नव्हते. जाणाऱ्याने आधी वर्तमानपत्रात जाहीर करायचे, की मी निघालो आहे, ज्याची माझ्याविरुद्ध तक्रार असेल त्याने पुढे यावे. एकही तक्रार शिल्लक असेल तोवर परवाना नाही. शिवाय मागाहून काही निघाले तर जबाब द्यायला एक जामीनदार तिथेच राहिला पाहिजे.

साहेब आणि बाई धरून आमच्या ओळखीचे जर्मन उरले होते अकरा. शिस्तीचे लोक. त्यांनी सभा भरवली, इतिवृत्त लिहिले आणि ठराव केला, की पहिल्याला दुसऱ्याने जामीन राहावे, दुसऱ्याला तिसऱ्याने, असे करत अकराव्याला पहिल्याने. कागद इतके नीटनेटके झाले होते, की कचेरीतल्या कारकुनाने दोनदा वाचून कौतुक केले आणि विचारले, मग जाणार कोण?

त्यावर दोन वर्षे सभा चालल्या. दर सभेला भाजलेल्या जवाची कॉफी मीच करायचो. त्यांना तिथे वकिलात नव्हती, मला होती. आपल्या सरकारचे तेव्हा चीनशी गूळपीठ होते. शेवटी एकदा पेले भरता भरता मी म्हणालो, सगळ्यांना मी जामीन राहतो. यात शौर्य नव्हते, ती कॉफी करून मी विटलो होतो. त्रेपन्न साली अकराच्या अकरा गेले. मी पंधरा महिने मागे राहून त्यांच्या तक्रारी निस्तरल्या आणि मग आपल्या वकिलातीच्या शब्दावर घरी परतलो. एका शेजाऱ्याची तक्रार साहेबांच्या व्हायोलिनबद्दल होती, ती मी ताबडतोब मान्य केली.

कलम २. पुढे साहेब हँबुर्गला वारले. बाईंना तिकडे कोणी उरले नव्हते. अठ्ठावन्न साली त्या एक ट्रंक घेऊन लोणावळ्याला उतरल्या. मुक्ताबाईने त्यांना पायरीवर उभे करून खालपासून वरपर्यंत पाहिले आणि भाकरी थापायला बसवले. तेव्हापासून दोघींचे माझ्याविरुद्ध एकमत असते.

परदेशी म्हणून बाईंना दरवर्षी पोलीस कचेरीत जावे लागते, आणि ही बाई आमच्याकडे राहते असे कोणा घरमालकाने लिहून द्यावे लागते. आजवर ते मी दिले. माझ्यामागे कोण देणार ही माझी एकच काळजी आहे आणि तिचे नाव गोरख. हा माझा पुतण्या. घर पाडून मुंबईवाल्यांना जागा द्यायची असा त्याचा बेत आहे. मागच्या आठवड्यात मला म्हणाला, "आबा, काकीला मी सांभाळीन. पर त्या म्हातारीसाठी म्या सही करायचो न्हाई."

कलम ३. सबब राहते घर, परसू आणि कोंबड्या मुक्ताबाईला. बाईंचा कागद दरवर्षी तिने द्यावा. तिला सही येत नव्हती, ती बाईंनी शिकवली. अक्षरे जर्मन शिपायांसारखी ताठ उभी राहतात, पण सही होते. मुक्ताबाईच्या मागे बाईंनी हयातभर त्याच घरात राहावे आणि कागद गोरखने द्यावा. दोघींच्या मागे घर गोरखचे. मात्र एक जरी वर्ष कागद चुकला, तर घर वडिवळ्याच्या शाळेला जावे. हे वाचून दाखवल्यावर गोरखने पेन मागितले.

कलम ४. तिएन्त्सिनचा तो नियम मला मनापासून पटला होता. म्हणून महिन्यापूर्वी मी वडिवळ्याच्या देवळावर आणि कामशेतच्या बाजारात कागद लावला, की हौशीराम निघाला आहे, तक्रार असल्यास पंधरा दिवसांत पुढे यावे. मावळात असे कोणी करू नये. तिकडे अकरा जणांविरुद्ध मिळून सात तक्रारी आल्या होत्या. इकडे माझ्या एकट्याविरुद्ध एकोणतीस आल्या.

बहीण झुंबरबाई हिचे म्हणणे, चीनहून रेशमी पातळ आणतो म्हणालास आणि छत्री आणलीस. मान्य. माझा रेशमी कोट तिला द्यावा, दोन चोळ्या होतील. कोंडाजीचे म्हणणे, त्याच्या बहिणीच्या लग्नात माझ्या हातून भात करपला, त्याचा विषय वऱ्हाडी अजून काढतात. मान्य. तेव्हा मी हाताखालच्या गेणूवर ढकलले होते. गेणू त्या वेळी नदीवर पाणी भरत होता. तीस वर्षे तो उगाच बोलणी खातो आहे, तो निर्दोष आहे. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये असे वकील म्हणाले, म्हणून साक्षीला कोंडाजी आणि गेणू यांनाच बोलावले. आपल्याला काही मिळणार नाही हे त्यांना त्यावरूनच कळले.

बाकीच्या तक्रारी माफी मागून मिटवल्या.

कलम ५. मुदतीच्या शेवटच्या दिवशी हेडविगबाई समोर उभ्या राहिल्या. हातात अर्ज, दोन प्रतींत. मी विचारले, तुमची कसली तक्रार? मराठी त्या मुक्ताबाईकडून शिकल्या आहेत. म्हणाल्या, "तवा मला न इचारता मागं ऱ्हायलास. आता न इचारता फुडं चाललास. हीच तक्रार."

मुक्ताबाई चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही. घर, कोंबड्या, भांडी, सगळे मनात चाळून पाहिले, पण ही तक्रार भागेल असे माझ्याजवळ काही निघाले नाही. म्हणून ती शिल्लक म्हणून इथे नोंदवतो. शिल्लक तक्रार असताना जाता येत नाही, हा नियम मी अकरा जणांसाठी पाळला आहे, स्वतःसाठी मोडणार नाही. डॉक्टरांना तसे कळवावे.

लिहून देणार: हौशीराम रखमाजी खांडभोर (सही)

साक्षीदार:
१. गेणू बारकू, राहणार वडिवळे (निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
२. कोंडाजी महिपती, राहणार वडिवळे (सही)

मुक्काम लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे
तारीख १७ नोव्हेंबर १९६६